आवाज जरा कमी ठेवलेला बिअर फेस्टिव्हल

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा साउंड चेक चालू होता, आणि साउंड सांभाळणारी मुलगी मिक्सरजवळ (आवाज कमी-जास्त करायचं मशीन) नव्हतीच, ती बिअरच्या स्टॉलसमोर उभी होती. स्टेजवर ड्रमर एकसारखा स्नेअर वाजवतोय आणि ही एकेका स्टॉलवर जाऊन तिथल्या माणसाला साध्या बोलायच्या आवाजात विचारतेय, "माझं बोलणं नीट ऐकू येतंय ना तुम्हाला?" एकाने कानाला हात लावला तशी ती मिक्सरकडे गेली, काहीतरी खाली ओढलं, परत आली, परत तोच प्रश्न. असं सहाच्या सहा स्टॉलवर. मला तेव्हा वाटलं की काय ही बारीक कामाची हौस, पण रात्री घरी येताना ताईशी बोलताना लक्षात आलं की आम्हाला त्या दिवशी जे काही मिळालं ना ते सगळं त्या अर्ध्या तासामुळे मिळालं.

फेस्टिव्हल अगदी छोटा. सहा ब्रूअर (म्हणजे बिअर बनवणारे), प्रत्येकाचे दोन किंवा तीन टॅप (बिअरचे नळ), चार बँड, एक छोटं मैदान आणि दोनेकशे माणसं असतील. मी बिअरसाठी गेलेले, ताई गाण्यांसाठी. ताई पीत नाही, कधीच प्यायली नाही, गाडी तीच चालवणार होती, त्यामुळे तो प्रश्न घरून निघतानाच मिटलेला (हा प्रश्न खरंच घरीच मिटवून निघा, तिथे गेल्यावर "बघू" म्हणणारे लोक बघितलेत मी). पण ताईचं नाक जबरदस्त आहे. तिला बंद डब्यातला मसाला कुठला ते झाकण न उघडता कळतं. मग आम्ही ठरवलं की मी प्रत्येक ग्लास आधी तिच्या नाकाखाली धरणार आणि मग पिणार.

मागे एका मोठ्या फेस्टिव्हलला गेले होते, नाव नको. तिथे स्पीकरची भिंतच उभी केलेली, छातीत बास धडधडतोय, टॅपवरच्या मुलाला मी विचारलं की ही कुठली बिअर आहे तर त्याने बोटाने बोर्ड दाखवला, कारण दुसरं काही शक्यच नव्हतं. बोर्डावर नुसतं लाइट, डार्क आणि स्ट्राँग. चार तास होते मी तिथे आणि एका माणसाशी धड बोलले नाही. आणि प्यायले मात्र पटापट, कारण हातात ग्लास आहे आणि बोलता येत नाहीये म्हटल्यावर माणूस करणार काय. यावर अभ्यासही झालाय. फ्रान्समधल्या काही संशोधकांनी बारमध्ये एकदा गाणी ७२ डेसिबलवर ठेवली आणि एकदा ८८ वर, आणि बिअर पिणाऱ्या पुरुषांना एक ग्लास संपवायला किती वेळ लागतो ते मोजलं. आवाज कमी असताना साधारण साडेचौदा मिनिटं, मोठा असताना साडेअकराच्या आसपास. २००८ साली छापून आलंय हे. कारणं त्यांनी दोन सुचवलीत, एक म्हणजे मोठ्या आवाजाने माणूस चेकाळतो आणि दुसरं म्हणजे बोलणंच बंद पडतं. मला तर दुसरं जास्त पटतं, कारण मी ते स्वतः अनुभवलंय.

तर इथे बोलता येत होतं.

पहिला ग्लास व्हीट बिअरचा घेतला. टेस्टर ग्लास, साधारण १०० मिली. माझा नियम असा की हलक्यापासून सुरू करायचं आणि कडू, भाजक्या, जड बिअर शेवटी, कारण एकदा का जिभेवर कडक आयपीए (इंडिया पेल एल, ही कडू जात) बसली की पुढची नाजूक बिअर पाण्यासारखी लागते आणि मग आपण उगाच त्या ब्रूअरला नावं ठेवतो. ताईने वास घेतला आणि म्हणाली, "यात केळं घातलंय." परत हुंगलं. "आणि लवंग." स्टॉलवरची बाई इतकी खूश झाली की तिने हातातलं फडकंच खाली ठेवलं. म्हणाली, "घातलेलं काहीच नाही हो. गव्हाचं माल्ट, बार्लीचं माल्ट, हॉप्स, पाणी. जे वास येतायत ते सगळे यीस्टचे." (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, आणि यीस्ट म्हणजे आंबवणारे सूक्ष्म जीव.) केळ्याच्या वासाचं जे रसायन असतं, आयसोअमाइल अॅसिटेट, तेच या जातीचं यीस्ट आंबवताना तयार करतं, आणि लवंगेसारखा वासही तेच देतं, आणि कुठला वास वरचढ ठरणार ते बऱ्याच अंशी तापमानावर असतं. टाकी जरा गरम ठेवली की केळं पुढे येतं, थंड ठेवली की लवंग. ती म्हणाली की या बॅचला तिला लवंग जास्त हवी होती म्हणून तीन दिवस ती टाकीपाशी थर्मामीटर घेऊन बसली होती. म्हणजे बघा, १५१६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात तो प्रसिद्ध शुद्धतेचा कायदा झाला, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी, बास. त्यात यीस्टचा उल्लेखच नाही, कारण अशी काही जिवंत वस्तू हे काम करते हे तेव्हा कोणाला माहीतच नव्हतं. जिच्यामुळे सगळी चव येते तीच यादीत नाही!

हे सगळं बोलणं चालू असताना मागे तीन जणांचं एक ट्रिओ वाजवत होतं, अकूस्टिक गिटार, उभा डबल बास आणि कहोन, म्हणजे तो लाकडी खोका ज्याच्यावर बसून वाजवतात. ताईचा एक कान तिकडे होता. मधेच मला म्हणाली, "बासवाल्याची बोटं ऐकू येतायत बघ." आणि खरंच, तारेवरून बोट सरकतं तेव्हाचा तो खरखरीत आवाज येत होता. रेकॉर्डिंगमध्ये हे बहुतेक वेळा झाकून जातं.

आता ज्याच्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली ते सांगते.

तिसरा स्टॉल एका माणसाचा होता, एकटाच, पन्नाशीचा असेल, आधी घरी बिअर बनवायचा आणि आता छोटी टाकी घेतलीये असं त्याने सांगितलं. त्याच्याकडे पिल्सनर होती. पिल्सनर मला मनापासून आवडते आणि ती बनवायला फार अवघड आहे, कारण तिच्यात लपायला जागा नसते. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये भाजलेलं माल्ट असतं, आयपीएत हॉप्सचा मारा असतो, काहीतरी थोडं चुकलं तर झाकलं जातं. पिल्सनर म्हणजे फिक्या माल्टची, स्वच्छ, सोनेरी, जे काय आहे ते समोर. त्याने ओतली, फेस सुंदर बसला, रंग तर असा की ग्लासच्या पलीकडचं स्टेज दिसत होतं. मी ग्लास ताईकडे दिला. तिने वास घेतला, थोडी थांबली, आणि अगदी हळू माझ्या कानात म्हणाली, "लोणी."

मी प्यायले. होतं. घोटाच्या शेवटी, बटर पॉपकॉर्नसारखं काहीतरी, आणि जिभेवर जरा बुळबुळीत.

आता काय करायचं? माणूस समोर उभा आहे, विचारतोय "कशी वाटली?" मोठ्या गोंगाटात अंगठा दाखवून पुढे गेले असते. इथे त्याचा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला होता आणि माझं उत्तर त्याला ऐकू जाणार होतं. ताईनेच सांगितलं. म्हणाली, "मी पीत नाही हो, मला यातलं कळत नाही, पण मला लोण्याचा वास येतोय, तो असायला हवा का?"

त्याचा चेहरा पडला नाही, चेहरा एकदम लक्ष देणारा झाला. त्याने एक ग्लास स्वतःसाठी भरला, तळहाताने झाकून हलवला, हात काढून वास घेतला. मग घोट. मग काही बोललाच नाही. वाकून टॅपची लाइन, म्हणजे बिअर येते ती नळी, काढली, स्वच्छ केलेली दुसरी लाइन लावली, परत भरलं, परत वास. म्हणाला, "दोष लाइनचा असता तर बरं झालं असतं. बिअरचाच आहे."

मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं, आणि मागे रांग लागलेली तरी त्याने घाई केली नाही. त्या लोण्याच्या वासाचं नाव डायअॅसिटिल. आंबवण आंबत असताना यीस्टमुळेच ते बनतं, ही काही घाण नाही, दर वेळी बनतं. पण तेच यीस्ट नंतर ते परत खाऊनही टाकतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. पिल्सनर ही लागर जातीची बिअर, आणि लागर थंडीत आंबवतात, साधारण ८ ते १२ डिग्रीत, आणि त्या थंडीत यीस्ट सुस्त असतं, म्हणून शेवटी दोन-तीन दिवस तापमान थोडं वाढवायचं, यीस्ट जागं होतं, आपला पसारा आवरतं, आणि मग पुन्हा थंड करून आठवडे न् आठवडे पडू द्यायचं. लागर या जर्मन शब्दाचं मूळच साठवून ठेवणं असं आहे. तो म्हणाला, "फेस्टिव्हलची तारीख जवळ आली होती. मी ते गरम ठेवायचे दिवस कमी केले. तेव्हा चाखली तर वास नव्हता. नंतर वर आलाय." हेही होतं म्हणे, बिअरमध्ये डायअॅसिटिलचं आधीचं रूप शिल्लक असतं, त्याला वास नसतो, आणि ते केगमध्ये (बिअरच्या पिंपात) बसल्या बसल्या हळूहळू डायअॅसिटिल होत जातं. म्हणून तपासताना थोडी बिअर गरम करून वास घ्यायचा असतो, गरम केलं की जे नंतर होणार ते लगेच होऊन दिसतं. ते त्याने केलं नव्हतं. हे सगळं त्याने कसलंही कारण पुढे न करता सरळ सांगितलं.

मी म्हटलं, चेक पिल्सनरमध्ये थोडं लोणी चालतं ना? चालतं, तो म्हणाला, थोडं असलं तर गोलाई येते, तिथल्या लोकांना ते आवडतंही. "पण मी ते ठरवून आणलेलं नाही ना." आणि त्याने खडू घेऊन बोर्डावर पिल्सनरवर रेघ मारली आणि तो टॅप बंद केला. रांगेतला एक जण म्हणाला, "अहो द्या, आम्हाला चालेल." तर म्हणाला, "पुढच्या वेळी चांगली देतो." बास.

मला एकदम पिल्सनरची जन्मकथाच आठवली. जिच्यावरून हे नाव पडलं त्या, आजच्या चेक देशातल्या प्लझेन शहरात १८३८ साली बिअर इतकी खराब निघाली की लोकांनी ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून टाकली. मग शहराने मिळून नवीन ब्रूअरी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रूअर आणला, आणि १८४२ मध्ये त्याने फिकं माल्ट, तिथलं मऊ पाणी आणि झात्स हॉप्स वापरून पहिली सोनेरी पिल्सनर काढली. आज जगात जी पिवळी बिअर सगळीकडे दिसते ती बहुतेक सगळी त्याच वंशातली. म्हणजे सुरुवातच ओतून टाकण्याने झाली. हे मी त्याला सांगितलं तर त्याला माहीत होतं अर्थातच, पण हसला आणि म्हणाला, "तीन केग आहेत माझ्याकडे. ३६ नाहीत हे नशीब." त्याच्या डोळ्यात मात्र वाईट वाटत होतं, दिसत होतं ते. दोन महिन्यांचं काम होतं.

त्यानंतर थोडा वेळ मी काही प्यायले नाही. पाणी प्यायले, आम्ही दोघी गवतावर बसलो. तसंही मी हिशोब ठेवते, ५ टक्क्यांच्या १०० मिलीत साधारण ४ ग्रॅम अल्कोहोल असतं, असे सहा-सात ग्लास म्हणजे दिवसाचं माझं झालं, आणि दर दोन ग्लासांमध्ये एक मोठा ग्लास पाणी.

संध्याकाळी चौघांचा ब्लूज बँड चढला आणि मागच्या बाजूने दोन-तीन जण ओरडायला लागले, "आवाज वाढवा! आवाज वाढवा!" मी मिक्सरकडे बघितलं. त्या मुलीने माइक घेतला आणि म्हणाली, "पुढे या ना, इथे भरपूर जागा आहे." एवढंच. फेडरला, म्हणजे आवाजाच्या सरकपट्टीला, हात लावला नाही. आधी कोणी हललं नाही, मग एक जोडपं उठलं, मग सगळेच, आणि पाच मिनिटांत पूर्ण मैदान स्टेजच्या पुढ्यात येऊन बसलेलं. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तेव्हा ज्यांना मोठा हवा होता त्यांना तो मिळाला आणि स्टॉलवर बोलणाऱ्यांचं बोलणं चालू राहिलं. ताईने नंतर तिला जाऊन विचारलं की तू कितीवर ठेवतेस, तर तिने सांगितलं मिक्सरपाशी ८५ च्या आत. कारणही सांगितलं, ८५ डेसिबल आठ तास कानाला चालतं असं धरतात आणि तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. "आणि हे ब्रूअर दिवसभर इथेच उभे असतात," ती म्हणाली. ब्लूजच्या ड्रमरने तिच्यासाठी काड्या बदलून ब्रश घेतले होते, हेही तिने कौतुकाने सांगितलं. ड्रमरने स्वतःहून असं करणं ही फार मोठी गोष्ट आहे, ज्यांनी बँड जवळून बघितलेत त्यांना कळेल.

आयपीए ब्लूज ऐकत प्यायले. तिच्याबद्दल जरा एक बोलायचं आहे, कारण आपल्याकडे सगळ्यांना ती गोष्ट पाठ असते की इंग्रजांनी भारतात बिअर पाठवताना ती टिकावी म्हणून जास्त हॉप्स घालून आयपीए शोधून काढली. शोधली वगैरे कोणी नाही. लंडनमध्ये बो इथे हॉजसन नावाच्या ब्रूअरची जागा ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती, त्याची बिअर जहाजांवर जायला लागली, आणि उन्हाळी प्रदेशात पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त घालायचे हे आधीपासूनच माहीत होतं. 'इंडिया पेल एल' हे नाव तर नंतर, १८३० च्या आसपास जाहिरातींमध्ये रुळलं. आणि तीच जहाजं पोर्टर नावाची काळी बिअरही भारतात आणत होती, तीही व्यवस्थित पोचत होती. आजच्या आयपीएचा जो संत्र्याच्या सालीसारखा, ग्रेपफ्रूटसारखा वास आहे तो तर पूर्ण अमेरिकन, १९७२ साली कॅस्केड नावाची हॉप्सची जात बाजारात आली तिथून पुढचा.

आणि एक, उन्हात बसला असाल तर आयपीएचा ग्लास सावलीत ठेवा. माझ्या शेजारच्या माणसाने ग्लास उन्हात ठेवून गाणं ऐकलं आणि नंतर घोट घेऊन तोंड वाकडं केलं. हॉप्समधल्या कडू घटकावर ऊन पडलं की काही मिनिटांतच त्यातून स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास मारणारं गंधकाचं रसायन तयार होतं. बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी. तो बिचारा ब्रूअरकडे तक्रार करायला निघाला होता, मी त्याला थांबवून सांगितलं, तर त्याने जाऊन तक्रारीऐवजी एक ग्लास नवीन घेतला आणि झाडाखाली बसून प्यायला.

अंधार पडला तेव्हा शेवटचा सेट होता, व्हायोलिन आणि गिटार, दोघीच. मी स्टाउटच्या रांगेत होते. ही नायट्रोवरची स्टाउट, म्हणजे केगला नुसत्या कार्बन डायऑक्साइडऐवजी साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण लावतात, १९५९ पासून गिनेसने रुळवलेली पद्धत. टॅपच्या तोंडात बारीक भोकांची चकती असते, तिच्यातून बिअर जोराने दाबली जाते आणि इतके बारीक बुडबुडे होतात की ग्लासच्या कडेने ते चक्क खाली जाताना दिसतात, मधून वर आणि कडेने खाली. बघत बसावंसं वाटतं. पण तो टॅप उघडला की सीऽऽऽ असा आवाज करतो.

व्हायोलिनवालीने एक फार हळू तुकडा सुरू केला. गिटार तर जवळजवळ थांबलेलीच, मधूनच एखादी तार. मैदानात कोणी बोलत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. स्टाउटच्या टॅपवरच्या मुलाने माझा ग्लास तिरका धरून पाऊण भरला होता, तेवढ्यात तो सीऽऽऽ आवाज सगळीकडे ऐकू आला आणि दोन-तीन डोकी वळली. त्याने टॅप बंद केला. स्टाउट तशीही दोनदा भरतात, पाऊण भरून बसू द्यायची आणि मग वरचा भाग भरायचा, त्याला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. तो थांबला तो थांबलाच. माझ्यामागे आठ-दहा जण होते, कोणी काही म्हणालं नाही. पिल्सनरवाला माणूसही स्वतःचा स्टॉल सोडून येऊन त्याच रांगेत उभा होता, हात मागे बांधून. काउंटरवरच्या त्या ग्लासात तपकिरी ढग हळूहळू खाली उतरत गेला, खाली काळं होत गेलं, वर मलईसारखा थर जमला, आणि व्हायोलिन अजून चालूच होतं.

तुकडा संपला, टाळ्या पडल्या, त्या टाळ्यांमध्ये त्याने टॅप उघडून ग्लास वरपर्यंत भरला. मी तो ताईकडे धरला. ती अजून स्टेजकडेच बघत होती, तशीच न बघता वाकून वास घेतला आणि म्हणाली, "कॉफी. आणि कोळसा. ही बरोबर आहे."